अंजीर : फळ, मिठाई आणि पथ्य
(बारामती-इंदापूर परिसरातील चिकित्सानुभवावर आधारित आहारविवेचन)

मलावष्टंभाच्या रुग्णाला औषधाबरोबर आहाराविषयी दोन शब्द सांगणे हा आपणा सर्व वैद्यांचा नित्याचा परिपाठ आहे. त्यात ‘अंजीर खात जा’ हे वाक्य इतक्या सहजतेने आपल्या तोंडून जाते की, त्यात काय सांगायचे राहून गेले याचा विचारच होत नाही. आमच्या हातून असाच विचार राहून गेला आणि त्यातून घडलेल्या एका प्रसंगामुळे प्रस्तुत लेख लिहिण्याची आवश्यकता वाटली.

इंदापूर तालुक्यातील साठीकडे झुकलेले एक ऊस बागायतदार गृहस्थ आमच्याकडे मलावष्टंभासाठी आले. मधुमेह आठ वर्षांचा. त्याची आधुनिक औषधे नियमित चालू होती. एचबीएवनसी ७.२ होते. आम्ही रात्री कोष्ण जलाबरोबर त्रिफळा चूर्ण दिले आणि सवयीप्रमाणे ‘रोज अंजीर खात जा’ असे सांगितले. तीन महिन्यांनी ते परत आले, तेव्हा तक्रार होती तशीच होती आणि एचबीएवनसी ८.९ वर गेले होते. खोलात जाऊन विचारल्यावर समजले की, ते रोज ‘शुगर-फ्री’ अंजीर बर्फीचे चार तुकडे निष्ठेने खात होते. सुके अंजीर त्यांना चावत नसे. मिठाईच्या दुकानात ‘मधुमेहींना चालते’ असे सांगितले गेले होते. आम्ही काहीसे रागावून बोललो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “डॉक्टर, तुम्हीच तर अंजीर सांगितलं होतं.”

त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. आम्ही द्रव्य सांगितले होते. त्याचा संस्कार, संयोग आणि मात्रा सांगितली नव्हती. ही त्रुटी आमची होती.

द्रव्यपरिचय

अंजीर म्हणजे फायकस कॅरिका. वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुलातील हा लहान वृक्ष. आपण ज्याला फळ म्हणतो तो वास्तविक एक पोकळ, मांसल पुष्पाधार असून त्याच्या आतल्या बाजूस असंख्य सूक्ष्म फुले असतात. ‘उंबराचे फूल’ दृष्टीस पडत नाही, त्याचे कारणही हेच.

आपल्या पुणे जिल्ह्याला अंजीर परके नाही. पुरंदर तालुक्यातील दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर, राजेवाडी, वाघापूर ही गावे व दौंड तालुक्यातील खोर हा भाग अंजिरासाठी प्रसिद्ध आहे. येथील ‘पुना अंजीर’ या वाणाला फलधारणेसाठी परागीभवनाची गरज लागत नाही. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात येणारा मीठा बहार गोड व भरदार, तर पावसाळी खट्टा बहार त्या मानाने कमी प्रतीचा, असा पूर्वापार अनुभव आहे.

ग्रंथांतील नामसाम्याविषयी येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. काही निघंटूंत अंजिराला ‘काकोदुम्बरिकाफल’ असे म्हटले आहे. परंतु काकोदुम्बरिका किंवा मलपू म्हणून व्यवहारात घेतला जातो तो काळा उंबर ऊर्फ भुईउंबर, म्हणजे फायकस हिस्पिडा. चरकांनी श्वित्रचिकित्सेत स्रंसनासाठी मलपूचा रस गुळाबरोबर सांगितला आहे. तेथे अंजीर अभिप्रेत नाही. चिकित्सापत्रावर ‘काकोदुम्बरिका’ असे लिहिलेले असता औषधालयाने अंजीर देऊ नये, आणि वैद्यानेही लिहिताना संदिग्धता ठेवू नये.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सत्ताविसाव्या अध्यायातील फलवर्गात, ‘फल्गु’ हे फळ तर्पण, बृंहण, गुरु, विष्टंभी व शीत असे वर्णिले आहे. फल्गु म्हणजे अंजीर की काळा उंबर, याविषयी टीकाकारांत व अभ्यासकांत मतभेद आहेत. उत्तरकालीन निघंटूंत अंजीर मधुर, शीत, गुरु आणि पित्त, रक्त व वात यांचे शमन करणारे मानले आहे. यातील ‘गुरु’ या शब्दाकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. लोकव्यवहारात अंजीर ‘पोट साफ करणारे’ म्हणून मान्यता पावले आहे. पण जे द्रव्य गुरु आहे, ते मंदाग्नीच्या रुग्णात, अधिक मात्रेत व चुकीच्या संस्काराने दिले तर विष्टंभच करील, हे ओघानेच आले. आमच्या रुग्णाचे नेमके तेच झाले होते.

आपल्याकडील अंजिराची मिठाई

बारामती व इंदापूर येथील मिठाईच्या दुकानांत अंजीर बर्फी, अंजीर रोल, सणासुदीला अंजीर बासुंदी आणि उन्हाळ्यात अंजीर मिल्कशेक हे प्रकार मिळतात. मात्र, जिल्ह्यात एवढे अंजीर पिकत असताना या मिठाईत ते बहुधा नसते. पुना अंजिराची साल पातळ, गर मऊ व पाणी अधिक. झाडावर पूर्ण पिकलेले फळ साध्या हवेत दोन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि ते वाळवून चांगल्या प्रतीचे सुके अंजीर होत नाही. त्यामुळे हे फळ मुख्यतः ताजेच खपते. मिठाईवाल्यास बारमाही माल हवा असतो. म्हणून तो माळेचे सुके अंजीर वापरतो आणि ते प्रामुख्याने अफगाणिस्तानातून येते. पुरंदरच्या अंजिरावर प्रक्रियेचे प्रयत्न अलीकडे झाले असून, २०२४ साली त्याचा तयार रस पोलंडला निर्यात झाला. तरीही आपल्या गावच्या दुकानातील बर्फी अजून त्या फळापर्यंत पोहोचलेली नाही.

ताज्या अंजिराची मिठाई आम्ही प्रथम चाखली ती एका रुग्ण भगिनीच्या हातची. त्यांचे माहेर अंजीर पट्ट्यातील, सासर इंदापूरकडील. मीठा बहार सुरू झाला की माहेराहून पाटी येते. प्रवासात जी फळे दबतात ती टाकून न देता त्यांचा गर मंद आंचेवर आटवायचा, त्यात वेलची व थोडी भाजलेली खसखस घालायची आणि त्या सारणाच्या करंज्या तुपात तळायच्या, अशी त्यांच्या घरची रीत. साखर अजिबात नाही. ही करंजी बारामती किंवा इंदापूरच्या कोणत्याही दुकानात आम्हांस आढळली नाही. फळ ज्या दोन दिवसांत येते त्याच दोन दिवसांत गर आटवावा लागतो. दुकानदाराला हे परवडणारे नाही. म्हणून हा पदार्थ घरात राहिला आणि बहार संपला की त्या वर्षापुरता संपतो.

अष्ट आहारविधिविशेषायतनांच्या दृष्टीने विचार

चरकांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या हिताहितत्वाची आठ कारणे सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता. पदवी परीक्षेसाठी आपण सर्वांनी ती पाठ केली. परंतु चिकित्सापत्र लिहिताना ती वापरली जातातच असे नाही. अंजिराच्या निमित्ताने ती एकेक करून लावून पाहू.

प्रकृती : मधुर, शीत, गुरु, स्निग्ध. पोषणाच्या आधुनिक कोष्टकांनुसार १०० ग्रॅम ताज्या अंजिरात सुमारे ७९ ग्रॅम पाणी, १६ ग्रॅम शर्करा व ३ ग्रॅम तंतू असतात. १०० ग्रॅम सुक्या अंजिरात शर्करा सुमारे ४८ ग्रॅम व तंतू सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाळल्यावर तंतूंबरोबर शर्कराही तिप्पट होते.

करण (संस्कार) : भिजविणे हा जलसंस्कार आहे. त्याने सुक्या अंजिराचे तंतू पाणी धरून फुगतात, रूक्षता जाते व सारकत्व प्रकट होते. उलट बर्फी करताना कल्क तुपावर परतून पाणी आटवितात. द्रव्य घट्ट, चिकट व अधिक गुरु होते. फळ एकच, पण या दोन संस्कारांची फले परस्परविरुद्ध आहेत.

संयोग : खवा, साखर, तूप, मैदा यांच्या संयोगाने गुरुत्व वाढते. दुग्धसंयोगाविषयी रुग्ण नेहमी विचारतात. चरकांनी दुधाशी विरुद्ध म्हणून आंबट फळांची जी सूची दिली आहे, तीत फल्गुचे नाव नाही. तेव्हा पूर्ण पिकलेल्या, मधुर अंजिराच्या बासुंदीला सरसकट विरुद्धाहार म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. मात्र अर्धवट पिकलेले, आंबूस झालेले किंवा खट्ट्या बहाराचे फळ दुधात घालू नये. तसेच विरुद्ध नसणे म्हणजे लघु असणे नव्हे, हेही रुग्णाला सांगावे.

राशी (मात्रा) : येथे प्रत्यक्ष हिशेब करून पाहणे उद्बोधक ठरेल. मध्यम आकाराचे सुके अंजीर १५ ग्रॅमचे धरले तर एका अंजिरात सुमारे ७ ग्रॅम शर्करा येते. आता २५० ग्रॅम सुके अंजीर, २५० ग्रॅम खवा व १०० ग्रॅम साखर या प्रमाणात बर्फी केली, तर खव्यातील दुग्धशर्करा धरून २५ ग्रॅमच्या एका तुकड्यात ११ ते १२ ग्रॅम शर्करा येते. ‘शुगर-फ्री’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात साखरेऐवजी खजूर असतो. २५० ग्रॅम अंजीर, १५० ग्रॅम खजूर, १५० ग्रॅम काजू-बदाम व ३० ग्रॅम तूप असे प्रमाण धरले, तर तेवढ्याच तुकड्यात ९ ते १० ग्रॅम शर्करा येते. फरक अवघ्या दोन ग्रॅमचा! आमचे रुग्ण रोज चार तुकडे खात होते. म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम शर्करा ते पथ्य म्हणून घेत होते.

वर सांगितलेल्या करंजीचाही हिशेब पाहू. १ किलो ताज्या अंजिरात सुमारे १६० ग्रॅम शर्करा असते. गर आटून सुमारे ३३० ग्रॅम सारण होते व प्रत्येकी १५ ग्रॅम भरल्यास २२ करंज्या होतात. एका करंजीत फळाची शर्करा सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे एका सुक्या अंजिराइतकीच. परंतु पारी व तळणीचे तूप यांमुळे तिचे उष्मांक सुक्या अंजिराच्या तिपटीहून अधिक होतात. ती उत्तम खाद्य आहे. मलावष्टंभाचे औषध नव्हे.

मात्रेच्या संदर्भात एक गोष्ट लक्षात ठेवावी. अंजिराने मलप्रवृत्ती सुधारते यास आधुनिक अभ्यासाचा आधार आहे. २०१६ साली दक्षिण कोरियातून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मलावष्टंभाच्या व्यक्तींना ८ आठवडे रोज ३०० ग्रॅम अंजीरकल्क देण्यात आला व त्यांत सुधारणा दिसली. वर्तमानपत्रांतील आरोग्यविषयक सदरांत अशा अभ्यासांचा निष्कर्ष येतो, मात्रा येत नाही. त्या निष्कर्षाच्या बळावर बर्फीचा तुकडा सारक ठरत नाही.

देश : बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतील, मूळचा जांगल देश. १८८५ साली सुरू झालेला नीरा डावा कालवा आणि पुढे उजनीचे पाणी यांमुळे येथील शेती बदलली, ऊस आला, दुधाचा धंदा वाढला. पूर्वी बाजरीची भाकरी खाऊन दिवसभर श्रम करणाऱ्याला सणाचे गोड पचत असे. आज भूमी जांगल असली तरी अनेकांचा आहार व विहार कफमेदोवर्धक झाला आहे. रुग्ण कोणत्या तालुक्यातला यापेक्षा तो कसा राहतो, हे विचारूनच देशाचा निर्णय करावा.

काल : मीठा बहार साधारणतः मार्च ते मे या काळात हाती येतो. पंचांगाप्रमाणे यातील बराचसा भाग वसंतात मोडतो आणि वसंतात गुरु, स्निग्ध, मधुर आहार वर्ज्य सांगितला आहे. म्हणून बहाराच्या आरंभी कफप्रधान, प्रतिश्याय वा श्वासाचा इतिहास असलेल्या रुग्णांनी ताजे अंजीर बेतानेच खावे. एप्रिलच्या मध्यापासून आपल्या भागात ग्रीष्माची लक्षणे स्पष्ट होतात. तेव्हा दाह, तृष्णा, मूत्रदाह, नासागत रक्तस्राव अशा पित्तप्रधान रुग्णांना दोन-तीन पिकलेली फळे हितकर होतात.

उपयोगसंस्था : मधुर व गुरु द्रव्य जेवणाच्या आरंभी घ्यावे, हा शास्त्रसंकेत आहे. रात्रीच्या जेवणानंतर मिठाईचा तुकडा खाऊन लगेच झोपणे हे त्याच्या बरोबर उलट आहे. भिजविलेले अंजीर सकाळी, भूक लागल्यावर, चावून व भिजविलेल्या पाण्यासह घ्यावे.

उपयोक्ता : रूक्ष, ग्रथित मल असलेला वातपित्तप्रधान रुग्ण, कृश व्यक्ती, दीप्ताग्नी बालक यांना अंजीर योग्य. प्रमेह, स्थौल्य, आमावस्था, आध्मान व मंदाग्नी यांत ते जपून द्यावे. सुक्या अंजिरात १०० ग्रॅममागे सुमारे ६८० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. म्हणून वृक्कविकारात पोटॅशियम वर्ज्य सांगितले असल्यास देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पन्नाशीनंतर प्रथमच उद्भवलेला मलावष्टंभ, मलातून रक्त जाणे, अकारण वजन घटणे किंवा पांडुता यांपैकी काही आढळल्यास अंजीर व त्रिफळा यांत वेळ न घालविता रुग्णास तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठवावे.

औषधालय चालकांसाठी

अनेक आयुर्वेदीय औषधालयांत आता सुके अंजीर, अंजीर पाक व सुक्यामेव्याच्या वड्या विक्रीस असतात. त्यासंबंधी काही व्यावहारिक सूचना अशा :

१. सुके अंजीर घेताना प्रत्येक खेपेतील चार-पाच फळे मधोमध फोडून पाहावीत. आत काळी भुकटी, जाळी, अळी किंवा आंबूस वास असल्यास माल परत करावा. सुक्या अंजिरात बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनचा धोका असतो आणि ते धुऊन वा भिजवून जात नाही. पृष्ठभागावरील पांढरा थर मात्र पुष्कळदा फळातील शर्करेचा असतो. फोडून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये.

२. पावसाळ्यात माल हवाबंद डब्यात, शक्यतो शीतकपाटात ठेवावा. माळा उघड्यावर टांगून ठेवू नयेत.

३. ‘शुगर-फ्री’ हा शब्द बेताने वापरावा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या दावे व जाहिरातविषयक नियमांनुसार घन पदार्थात १०० ग्रॅममागे ०.५ ग्रॅमपेक्षा अधिक शर्करा असल्यास तो शर्करामुक्त म्हणता येत नाही. अंजीर व खजूर यांची वडी या व्याख्येत कधीच बसणार नाही. ‘वेगळी साखर घातलेली नाही, फळांची शर्करा आहे’ असे ग्राहकास तोंडी स्पष्ट सांगावे. ग्राहक मधुमेही असल्यास हे सांगणे आपले कर्तव्यच ठरते.

४. ‘आयुर्वेद आहार’ म्हणून उत्पादन बाजारात आणावयाचे असल्यास २०२२ चे नियम लागू होतात. हे पदार्थ आहार म्हणून विकावयाचे असतात, औषध म्हणून नव्हे. तसेच ते २४ महिन्यांखालील बालकांसाठी नाहीत. वेष्टनावर ‘मधुमेह बरा करते’ अशा प्रकारची वाक्ये छापण्याचा मोह टाळावा.

चिकित्सापत्रावर काय लिहावे

वरील प्रसंगानंतर आम्ही ‘अंजीर खा’ हे वाक्य बोलणे सोडले आहे. आता आहारपत्रकावर पुढीलप्रमाणे लिहून देतो :

‘सुके अंजीर २. फोडून, पाहून, धुऊन घेणे. रात्री अर्धी वाटी पाण्यात भिजविणे. सकाळी भूक लागल्यावर चावून खाणे व तेच पाणी पिणे. १४ दिवस. अंजिराची बर्फी, रोल, बासुंदी म्हणजे हे औषध नव्हे.’

मधुमेही रुग्णास २ ऐवजी १, तेही न्याहारीतील दुसरा गोड पदार्थ वगळून व रक्तशर्करा तपासून. चौदा दिवसांत लाभ न दिसल्यास अंजीर थांबवून अग्नी व कोष्ठ यांचा पुनर्विचार करतो.

आरंभी उल्लेखिलेल्या गृहस्थांची बर्फी बंद केली. मधुमेहाच्या औषधांत आम्ही हस्तक्षेप केला नाही. एक भिजविलेले अंजीर, जेवणात ज्वारीची भाकरी व पालेभाजी, रात्री त्रिफळा आणि सायंकाळी शेताच्या बांधावरून पाऊण तास चालणे, एवढेच सांगितले व या खेपेस लिहूनही दिले. मलप्रवृत्ती तीन आठवड्यांत सुधारली. पुढील तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.४ झाले. केवळ अंजिरामुळे हे घडले, असा आमचा दावा नाही. मात्र आधीचा बिघाड घडविण्यात आमच्या एका अपुऱ्या वाक्याचा वाटा होता, हे आम्ही मान्य करतो.

रुग्णाने मिठाई खाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. अंजीर पट्ट्यातील घरची करंजी वर्षातून एखाद्या वेळी, भूक असताना, जेवणाच्या आरंभी, एक खावी व आनंदाने खावी. तो आपल्या मातीचा मेवा आहे. पण वैद्याने मेवा आणि औषध यांतील सीमारेषा रुग्णाला स्पष्ट दाखवून दिली पाहिजे. ती आपण दाखविली नाही, तर दुकानातील पाटी दाखविते.

आपापल्या भागातील अशा फलाहाराविषयी वैद्यमित्रांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले अनुभव, त्रैमासिकाकडे अवश्य पाठवावेत, ही विनंती.